मागाखालची ऊब



चैत्र सरत आला आहे, संध्याकाळ झाली तरी मंडपाच्या कनातीला हात लावला तर ती तापलेली लागते, आणि अशा वेळी हा गृहस्थ थंडीवर बोलावयास उभा राहिला हे पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. वऱ्हाड म्हटले म्हणजे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊन येते, आणि आपल्यालाही आपल्या उन्हाचा थोडा अभिमानच वाटतो. पण याच अकोल्यात फेब्रुवारी १८८७ मध्ये पारा २.२ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तशी थंडी दरसाल पडत नाही. तरीही पौषाच्या पहाटे दहा-बारा अंशांवर पारा असताना ओल्या पेजेत हात घालून सूत माखणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हे कोठल्याही नोंदवहीत सापडत नाही. त्या माणसाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. त्यापुढे जे वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर. त्यामुळे राजेरजवाडे आणि लढाया यांपेक्षा मजुरीचे दर आणि कामाच्या जागा यांचा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो. आजचा प्रश्न साधा आहे. ज्या घरातच माग आहे, ज्या घरातच पिंजण आहे, त्या घरातील कामाची जागा हिवाळ्यात उबदार कशी राखीत असत, आणि त्या उबेचे पैसे कोण देत असे? प्रश्नाचा पहिला भाग कसबाचा आहे, दुसरा हिशेबाचा. मला वाटते, दुसऱ्या भागाकडे आपण फारसे पाहिलेलेच नाही.

प्रथम विणकराच्या घरात जाऊ. बाळापूर हे पागोट्यांसाठी आणि लुगडी-धोतरांसाठी नावाजलेले गाव होते. अकोटच्या सतरंज्यांना दूरवर मागणी होती. अचलपूर तर इमादशाहीची राजधानी, तेथे सुती आणि रेशमी दोन्ही काम चाले. कोष्टी, साळी, मोमीन अशा अनेक समाजांची कुटुंबे या धंद्यात होती. या सर्वांचा माग एकाच जातीचा असे. त्याला खड्डा माग म्हणतात. जमिनीत दोन-अडीच फूट खोल खड्डा खणावयाचा, त्याच्या काठावर विणकराने बसावयाचे, पाय खाली सोडून पावड्या दाबावयाच्या आणि वर हाताने धोटा फेकावयाचा.

हा खड्डा का खणला असेल? शाळेत शिकवतात की पावड्या खाली लोंबत राहाव्यात म्हणून. ते खरेच आहे, पण तेवढेच नव्हे. दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी असते ती जमिनीची वरची वीतभर कातडी. दोन फूट खाली गेले की दिवस-रात्रीचा हा फरक जवळजवळ पोहोचतच नाही. बाहेर पहाटे दात वाजत असतात तेव्हा खड्ड्यातील माती त्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते, आणि वैशाखात बाहेर आग ओकत असता तीच माती त्या मानाने गार असते. आपल्या आजोबांना हे सांगावयास पदार्थविज्ञानाचे पुस्तक लागले नाही. पेवात ज्वारी साठवणारा आपला समाज जमिनीच्या पोटात हवामान वेगळे असते हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. विणकराचे पाय त्या पोटात असत, आणि पाय उबदार असले म्हणजे निम्मी थंडी जाते हे आपण सर्वच जाणतो.

त्या खड्ड्याचा दुसरा गुण ओलीचा. सुती धागा ओलसर हवेत बळकट राहतो, कोरड्या हवेत तटातट तुटतो. आपल्या वऱ्हाडातील हिवाळा थंड असतो आणि कोरडाही असतो. म्हणजे विणकराला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात, त्याच्या बोटांना ऊब आणि त्याच्या धाग्याला ओल. खोलीत शेगडी पेटवली तर बोटे मोकळी होतात, पण हवा आणखी कोरडी होऊन ताणा तुटू लागतो. जमिनीवर पाणी शिंपडले तर धागा टिकतो, पण बोटे आखडतात. मातीचा खड्डा या दोघांत तडजोड करून देतो. माती थोडी ऊब देते, थोडी ओल देते, आणि कशाचेच भाडे मागत नाही.

घराची रचनाही याच अंगाने चाले. मातीच्या जाड भिंती आणि वर धाबे, म्हणजे लाकडाच्या पाटांवर मातीचा थर. अशी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू परत करते. माग ठेवावयाचा तो दाराजवळ, सकाळचे कोवळे ऊन आत येईल अशा बेताने. चूल पलीकडच्या खणात, म्हणजे धूर आणि ठिणगी मागापासून दूर, पण मधली भिंत तापलेली. घरात एखादी बकरी बांधलेली असे, तिचीही ऊब मोजणीत येई. बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते. एका खणात चार माणसे काम करीत असली तर ती खोली नुसत्या माणसांनीच तापते. कुटुंबाने एकत्र बसून काम करण्याची जी रीत होती, तिच्यामागे प्रेम होते, सोय होती, आणि थंडीही होती.

एक काम मात्र घरात होत नसे. ताण्याला खळ देण्याचे काम. ते गल्लीत, उघड्यावर, ताणा लांबच लांब पसरून करावयाचे. सूर्य चढला की खळ फार लवकर वाळते आणि सूत ताठ होते, म्हणून ते भल्या पहाटे आटपावे लागे. पेजेच्या खळीत कुंची बुडवून बायका आणि पोरे धाग्यावरून फिरवीत जात. पौष-माघात या कामाला काही उपाय नव्हता. गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटवावयाची, दोन फेऱ्या झाल्या की हात शेकावयाचे आणि पुन्हा खळीत घालावयाचे. ज्यांनी ते केले त्यांची बोटे मी लहानपणी पाहिली आहेत. हिवाळाभर त्यांच्या कांड्यांवर चिरा पडलेल्या असत.

त्या शेकोटीत आणि चुलीत जळे ते काय? पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतातील पऱ्हाटी उपटून तिच्या मोळ्या घराच्या मागे रचून ठेवीत. शेतकऱ्याला शेत मोकळे हवे असे आणि विणकराला सरपण हवे असे, त्यामुळे हा व्यवहार बहुधा कापडाच्या तुकड्यावर किंवा नुसत्या शब्दावर होई. जेथे डोंगर जवळ होता तेथे मेळघाटाच्या पायथ्याचे लाकूड येई. आता पाहा, विणकराचे सूत शेजारच्या शेतातील कापसाचे, त्याची ऊब त्याच कापसाच्या काडीची, आणि रात्री अंगावर घ्यावयाची वाकळ त्याच कापडाच्या चिंध्यांची. मी त्या काळाला सुवर्णयुग म्हणणार नाही. कर्ज होते, साथी होत्या, दुष्काळ होते. पण उबेपुरते बोलावयाचे तर ती मिळण्याची एक व्यवस्था होती.

ही व्यवस्था मोडली कशी, हे सांगावयास थोड्या तारखा घ्याव्या लागतील. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी सरकारने कापूस कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. विलायती कापड येथे स्वस्त विकले जावे, देशी विणकर धंद्यातून उठावा, त्याने शेतीकडे वळावे आणि कापूस तेवढा बाहेर जावा, असा विचार या गृहस्थाने सरकारी कागदांत उघडपणे मांडला होता. आपण बहुधा त्याला कापसाचा इतिहास म्हणतो. मागावर बसलेल्यांच्या दृष्टीने तो घराच्या उबेचाही इतिहास आहे.

कारण त्याच दशकांत मेळघाटचे जंगल सरकारी राखीव झाले. रेल्वेला रुळांखाली घालावयास आणि इंजिनात जाळावयास लाकूड लागत होते. कापसाखालची जमीन वाढली तशी पडीक राने आणि चराऊ जमिनी आखडल्या, गुरे कमी झाली, गोवऱ्या कमी झाल्या. पऱ्हाटीला भाव आला. जे सरपण शब्दावर येत होते ते रोख पैशावर येऊ लागले, आणि नेमक्या त्याच वेळी विणकराच्या हातातील पैसा आटू लागला. त्यामागून पत्रा आला. धाब्यावर दरसाल माती घालावी लागते, ती घालावयास माणूस आणि फुरसत लागते. पत्रा एकदा ठोकला की झाले. पण पत्र्याला ऊन साठवता येत नाही. रात्री मोकळ्या आकाशाखाली तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब गळतात, ते ताण्यावर पडतात. धाब्याखाली थंडी दाराने येई. पत्र्याखाली ती डोक्यावरून उतरू लागली.

इकडे माग घरात गारठत असता, तिकडे गिरणीत काय चालले होते? जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. हवेत ओल राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे भारतात पहिल्यांदा त्या गिरणीत बसले, असे टाटांच्या इतिहासात नमूद आहे. म्हणजे जो प्रश्न विणकर खड्ड्याच्या मातीने सोडवीत होता, तोच गिरणीमालकाने यंत्राने सोडवला. धागा तुटू नये ही दोघांचीही गरज होती. फरक एवढाच की गिरणीत त्या यंत्राचा आणि कोळशाचा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जाई.

गिरणीतील ऊब कामगाराच्या सुखासाठी होती असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. ती धाग्यासाठी होती. लँकेशायरात तर विणकाम खात्यात वाफ सोडून हवा इतकी कोंदट करीत की कामगार घामाने भिजत आणि तसेच बाहेरच्या बर्फात घरी जात. त्यांनी ओरड केली, तेव्हा १८८९ मध्ये तेथील पार्लमेंटने कायदा करून कारखान्यातील हवेत वाफ किती असावी यावर मर्यादा घातली. आपल्याकडे पहिला कारखाने कायदा १८८१ चा. पुढे १८९१, १९११, १९२२, १९३४ असे सुधारत सुधारत १९४८ चा कायदा आला. त्यात कामाच्या जागेचे तापमान कामगाराला बरे वाटेल आणि त्याच्या प्रकृतीस अपाय होणार नाही असे असावे, हे कलम होते. कृत्रिम ओलीवर वेगळे कलम होते. अकोल्याची सावतराम मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या, त्या काळी तेथील कामगाराला थंडी वाजली किंवा तो उकडून निघाला तर निदान कायद्याचे कलम दाखवता येत होते. ते दाखवण्यासाठी संघटना लागे हे खरे, पण कलम होते.

आता त्या कायद्याचा उंबरठा पाहा. विजेवर चालणाऱ्या कामाला दहा माणसे आणि विजेवाचून चालणाऱ्या कामाला वीस माणसे असतील तरच १९४८ च्या कायद्याने त्या जागेला कारखाना म्हटले. पुढे २०२० मध्ये नवी संहिता झाली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात ही संख्या वीस आणि चाळीस झाली. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई यांचा कारखाना कोणत्याच उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या खोलीचे तापमान मोजावयास कोणी निरीक्षक येत नाही.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काम मिळाले तर मिळाले. म्हणून आई घरी गाद्या-रजया शिवीत असे. पिंजाऱ्याने धनुकलीने पिंजलेला कापूस आणि कापड दुकानदाराकडून यावयाचे, आई कापूस पसरून रजई भरावयाची आणि लांब टाके घालावयाची. मजुरी नगावर. हा धंदा हिवाळ्याचा. लोकांना थंडी वाजली म्हणजे आमच्या घरी चूल नीट पेटे, आणि तीच थंडी आईच्या बोटांत शिरे. बोटांची कातडी पंधरा अंशांच्या खाली गेली की बोटांचे चापल्य ओसरते असे मी पुढे एका पुस्तकात वाचले. आईने ते पुस्तक वाचले नव्हते. ती सकाळी पहिली रजई दुपारच्या दुप्पट वेळात शिवीत असे, एवढे मला माहीत आहे. नगावर मजुरी असली की थंडीचा दंड थेट खिशाला बसतो.

मी दहा वर्षांचा असेन. पौषातील सकाळ होती. आईची सुई दोनदा हातातून पडली. मी चुलीजवळची शेगडी उचलून तिच्यापाशी आणली. ती ओरडली, “अरे बाबू, कापसाच्या घरात इस्तो आनते काय?” मी मागे फिरलो, तेवढ्यात निखारा तडकला. दोन रजया जळाल्या, आईचा पदर जळाला. माणसे वाचली. दुकानदाराने दोन रजयांचे पैसे आईच्या मजुरीतून होळीपर्यंत कापून घेतले. वडील विचारावयास गेले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “घर तुमचं, शेगडी तुमची. मग नुकसान माझं कसं?”

मी तीस वर्षे कामगारांत काम करतो आहे, पण या वाक्याला पुरते उत्तर देणे मला फार उशिरा जमले. तो मनुष्य दुष्ट नव्हता. तो हिशेब सांगत होता, आणि त्याच्या हिशेबात एक रकाना नव्हता एवढेच. ते काम त्याने आपल्या दुकानात करवून घेतले असते तर जागेचे भाडे, दिवा, हिवाळ्याची ऊब आणि आगीची जोखीम हे सर्व त्याच्या वहीत आले असते. काम आमच्या घरी पाठवताच तो सारा खर्च आमच्या घरी आला, आणि मजुरीचा दर मात्र तोच राहिला.

ज्यांच्या घरात कापूस नाही ते शेगडी आत घेतात. त्यांनाही एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळसा जाळला की त्यातून एक विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. हाल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास स्वतःवर प्रयोग करून त्याचा परिणाम दाखवून दिला. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. काश्मिरी माणूस फिरनच्या आत निखाऱ्याची कांगडी घेऊन बसतो. त्या सततच्या शेकाने पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला कर्करोग होतो, हे एल्म्स्ली या डॉक्टराने १८६६ मध्येच लिहून ठेवले. म्हणजे गरिबाच्या उबेची किंमत सरपणाच्या पैशाने पुरी होत नाही. केव्हा केव्हा ती अंगाने फेडावी लागते.

मग हा खर्च मागावयाचा कोणाकडे? याचे एक उत्तर इंग्लंडातील क्रॅडली हीथ या गावच्या बायकांनी दिले. त्या घराच्या मागच्या परसातील लहानशा भट्टीवर हातोड्याने लोखंडी साखळ्या घडवीत. त्यांना थंडीचा त्रास नव्हता, भट्टी होतीच. पण त्या भट्टीतील कोळसा त्यांनीच आपल्या मजुरीतून घ्यावयाचा असे. १९०९ च्या कायद्याने अशा चार धंद्यांत किमान मजुरी ठरवण्याची मंडळे निघाली, आणि साखळीच्या मंडळाने तासाला अडीच पेन्स हा दर ठरवला. मालक टाळाटाळ करू लागले. न वाचता येणाऱ्या बायांकडून सवलतीच्या कागदांवर खुणा घेऊ लागले. तेव्हा १९१० मध्ये मेरी मॅकार्थर या बाईंच्या पुढाकाराने त्यांनी दहा आठवडे काम बंद ठेवले आणि दर मिळवला. लढ्यासाठी जमलेल्या निधीतून जी रक्कम उरली, तिच्यातून त्यांनी गावात कामगारांसाठी सभागृह बांधले.

आपल्याकडे विड्यांच्या धंद्यात हाच झगडा झाला. कामठीचे बाबू हरदास यांनी १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांतच मध्य प्रांत-वऱ्हाडातील विडी कामगारांना संघटित केले. विडी वळणाऱ्या बाईचा हिवाळा आठवा. तेंदूचे पान रात्रभर भिजवलेले, ओल्या किंतानात गुंडाळलेले, आणि ते गार पान दिवसभर बोटांत. १९६६ मध्ये विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट झाली. मालकांनी त्यास आव्हान दिले, ते १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. पण त्याच कायद्यात कामाच्या जागेची व्याख्या करताना राहते घर वगळले होते, आणि कामगारांच्या वतीने मालकाने अर्ज केल्यास पान भिजवण्याचे व कापण्याचे काम जागेबाहेर करू देण्याची मुभा होती. म्हणजे माणूस कायद्याच्या आत आला. त्याची खोली बाहेरच राहिली, आणि जे काम सर्वांत गार आणि ओले तेच तिच्यात जाण्याची वाट मोकळी राहिली.

१९७२ मध्ये अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना काढली. गिरण्यांच्या चिंध्यांतून गोधड्यांच्या खोळी घरी बसून शिवणाऱ्या बायकाही तिच्यात आल्या. त्यांची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा आईचीच हकीकत वाचतो आहे असे मला वाटले. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांचा १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे आणि घरातील कामाच्या सुरक्षिततेचीही तजवीज असावी असे म्हटले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

हे सर्व जुने झाले, आता माग कोठे राहिले, असे कोणी म्हणेल. माग थोडे राहिले, पण घरातील कारखाने वाढले आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी फिरा. शिलाई यंत्राचा आवाज, बटणे लावणाऱ्या मुली, पत्र्याखालच्या खोल्या. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. ते उद्यान हजार एकरांचे आहे, त्यात कारखाने येतील, आणि येवोत. माझी चिंता एवढीच की उद्यानाच्या कुंपणाच्या आत जेवढी माणसे काम करतील, तेवढीच कदाचित कुंपणाबाहेर आपापल्या घरी नगावर काम करतील. आतल्यांसाठी तापमानाचे कलम असेल. बाहेरच्यांच्या वाट्याला घर तुमचे आणि शेगडी तुमची हेच वाक्य येईल.

काही वर्षांपूर्वी घरी शिवणकाम करणाऱ्या बायांच्या वतीने आम्ही एका ठेकेदाराकडे मागण्या नेल्या. त्यात नगाच्या दरावर हिवाळ्याच्या तीन महिन्यांत थोडा घरखर्च वेगळा द्यावा, ही एक मागणी होती. तो हसला. त्याच्याबरोबर आमच्यातील दोघेही हसले, हे मला अधिक लागले. मग एका बाईने आपली वही उघडली. तिने महिनाभर सकाळी दहापर्यंत किती नग झाले आणि दहानंतर किती, हे रोज लिहून ठेवले होते, विजेचे बिल आणि सरपणाचे पैसे शेजारच्या रकान्यात. ठेकेदाराने वही हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. शेवटी त्याने हिवाळ्याचा खर्च म्हणून नव्हे, तर विजेसाठी म्हणून दरात थोडी भर घातली. रक्कम लहान होती. पण जो रकाना माझ्या आईच्या हिशेबात नव्हता, तो त्या दिवशी एका वहीत उघडला गेला.

म्हणून आपणा नगरवासीयांकडे माझे मागणे थोडके आहे. वस्तीतील समाजमंदिरे दिवसभर कुलूप लावून असतात. त्यांपैकी एखाद्याची पूर्वेची खोली हिवाळ्याच्या सकाळी या बायांना बसावयास उघडावी. ज्यांना पत्रा बदलता येत नाही त्यांनी पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या आणि किंतान लावावे. थंडीला अडवणारी ती कोंडलेली हवा असते, आणि ती फुकट मिळते. मात्र जेथे कापूस आहे तेथे उघडी शेगडी नको, आणि जेथे शेगडी आहे तेथे वरची खिडकी बंद नको. आणि घरी काम करणाऱ्या प्रत्येकीने त्या बाईसारखी एक वही ठेवावी.

माझी आई आता नाही. तिने शिवलेली एक रजई आमच्या घरी आहे. तिच्या एका कोपऱ्यातील टाके वाकडे आणि दूर दूर पडलेले आहेत, नंतरचे सरळ होत गेले आहेत. पूर्वी मला वाटे, तो तिचा आळस असावा. आता कळते की ती रजई तिने सकाळी शिवावयास घेतली होती.